टर्बो बदलायच्या आधी रिटर्न पाइप बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो २८ टक्के होता, वर सेस वेगळा. छोटी गाडी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. यात न बसणाऱ्या गाडीला थेट ४० टक्के. ही मोजपट्टी नवी नाही, २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक्साइज कमी करताना हेच आकडे आले होते. तेव्हापासून कंपन्यांचं गणित ठरलेलं आहे: सीसी वाढवता येत नाही ना, मग टर्बो लावा. रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं आहे, म्हणजे मर्यादेच्या एक सीसी आत. फ्रॉन्क्स आणि व्हेन्यूची टर्बो इंजिनं ९९८ सीसीची. त्यात २०२० ला बीएस ६ आलं, बऱ्याच छोट्या डिझेल गाड्या बंद झाल्या आणि टर्बो पेट्रोल घराघरात पोचलं.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. नेक्सॉन २०१७ ची, व्हेन्यू २०१९ ची. त्या पहिल्या लॉटच्या गाड्या आज सेकंड हँड अ‍ॅप्सवर आहेत, आणि पंचविशीतला माणूस पहिली गाडी बहुधा तिथूनच घेतो. टर्बो गेला तर बिल पाच आकडी, कधी सहा आकडी. म्हणून त्याखालच्या एका साध्या पाइपबद्दल लिहितोय, ज्याचं नाव जाहिरातीत कधीच येत नाही.

नळ आणि मोरी

टर्बोमध्ये एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, दुसरा इंजिनात हवा कोंबतो. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत जातो, आणि पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या वर तापतो. मधल्या बेअरिंगला वाचवतं ते फक्त ऑइल. शाफ्ट धातूला टेकतच नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो.

हे ऑइल आत येतं पंपाच्या प्रेशरने, बारीक नळीतून. बाहेर जाताना मात्र प्रेशर संपलेलं असतं. ताक घुसळावं तसं ते हवेत घुसळून फेसाळलेलं असतं, आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून रिटर्न पाइप फीडच्या नळीपेक्षा कितीतरी जाड असतो, शक्य तितका सरळ खाली जातो, आणि त्याचं खालचं तोंड चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर ठेवतात. थोडक्यात, फीड म्हणजे नळ आणि रिटर्न म्हणजे मोरी. मोरी तुंबली की बाथरूममध्ये पाणी साचतं. तेव्हा आपण नळ बदलत नाही.

गाडीत मात्र नेमकं तेच होतं. पाइपमध्ये जळलेल्या ऑइलची काजळी बसली, रबरी होज आतून फुगला किंवा मुडपला, किंवा कोणीतरी गॅस्केटला हात सैल सोडून सिलिकॉन पेस्ट लावली आणि ती आत दबून आली, की ऑइल टर्बोच्या पोटात साचतं. शाफ्टचं सील म्हणजे रबरी वॉशर नव्हे, पिस्टनला असते तशी धातूची बारीक रिंग असते. बाहेरचं प्रेशर जास्त आणि आतलं कमी, एवढ्या फरकावर ती काम करते. साचलेलं ऑइल तिला सहज ओलांडतं. एका बाजूने ते धुरात जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो, दुसऱ्या बाजूने इंटरकूलरच्या पाइपमध्ये उतरतं. गॅरेजचं निदान ठरलेलं: ‘टर्बोचं सील गेलं.’ नवा टर्बो बसतो, जुना पाइप तसाच राहतो, आणि काही महिन्यांत निळा धूर परत.

आणखी एक कारण आहे, ते आम्हा बेलपाड्याच्या लोकांना पटकन कळेल. भरतीच्या वेळी जोरदार पाऊस झाला की नाला साफ असूनही पाणी खाडीत उतरत नाही, कारण खालूनच दाब असतो. इंजिनातही तसंच. पिस्टनच्या कडेने निसटलेला गॅस चेंबरमध्ये जमतो, तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो तुंबला की चेंबरमधला दाब वाढतो आणि रिटर्न पाइप धडधाकट असूनही ऑइल उतरेना. टर्बोच्या मानाने हा व्हॉल्व्ह अगदी स्वस्त आहे.

मोबाइल काय दाखवत नाही

आपल्यातले बरेच जण ओबीडी डोंगल लावून मोबाइलवर गाडीचा डेटा बघतात. मीही बघतो, सवय आहे. त्यात बूस्ट दिसतं, कूलंटचं तापमान दिसतं, प्रेशर कमी पडलं तर पी०२९९ कोड येतो. पण रिटर्न पाइपवर सेन्सर नाही. जिथे सेन्सर नाही तिथे कोड नाही, आणि जिथे कोड नाही तिथे स्कॅनर लावून बसलेला माणूस बघतच नाही. आमच्या क्षेत्रातही हेच चालतं, लॉग नाही म्हणजे बग नाही. माझ्या बिल्डिंगमधल्या एका दादांना एका गॅरेजने अशाच निळ्या धुरावर थेट नव्या टर्बोचं कोटेशन दिलं होतं, पाइप न खोलता.

काजळी बसते कशी? एक्सप्रेस-वेने भरल्या गाडीत घाट चढलात आणि लोणावळ्यात चिक्कीसाठी उतरताना लगेच इंजिन बंद केलंत, तर टर्बो लालबुंद आणि ऑइलचा प्रवाह शून्य. आत राहिलेलं ऑइल तिथेच करपतं. नव्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा इलेक्ट्रिक पंप असतो, त्यामुळे धोका कमी झालाय, संपलेला नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवा, किंवा मिनिटभर आयडलवर ठेवा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत असेल तर किलोमीटरची वाट न बघता बदला.

सेकंड हँड टर्बो बघायला जाल तेव्हा इंजिन गरम होऊ द्या, पाच मिनिटं आयडलवर सोडा, मग एकदम रेस द्या आणि मित्राला मागे उभं करा. निळा झोत आला तर टर्बो संपलाच असं नाही, व्हॉल्व्हचं सीलही असू शकतं, पण भाव ठरवण्याआधी मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा: पीसीव्ही तपासा आणि रिटर्न पाइप खोलून आरपार उजेड दिसतो का बघा. टर्बो बदलायचाच ठरला तर फीडची नळी, रिटर्न पाइप आणि दोन्हींची गॅस्केटं नवी घालायची असं कोटेशनवर लिहून घ्या, आणि जुना पाइप परत मागा.