चार वर्षांच्या मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घ्या

आमच्या मोहल्ल्यात दर जूनला एखादी नवी नर्सरी उघडते. खाली पावरलूमचा खडखडाट, वर दोन खोल्या, भिंतीवर मिकी माऊस, आणि बोर्डावर 'इंग्लिश मीडियम' ही अक्षरं शाळेच्या नावापेक्षा मोठी. आई-बाप एकच विचारतात, "लिहायला कधी शिकवणार?" नर्सरीवाले छातीठोकपणे सांगतात, "पहिल्या महिन्यात ए टू झेड." फी ठरते. साडेतीन वर्षांचं लेकरू बाकावर बसतं, एका ओळीत वीस वेळा 'ए' काढतं आणि घरी जाताना दप्तरात आणखी दोन पानं घेऊन जातं. अम्मी खूश, अब्बू खूश. मुलाला कोणी विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्याकडे मुलं येतात ती या कारखान्यातून बाहेर पडल्यावर. त्यांचं अक्षर सुबक असतं, पण "काल काय केलंस?" म्हटलं की मान खाली जाते. फळ्यावरचं हुबेहूब उतरवतात आणि काय उतरवलं ते सांगता येत नाही. याला तालीम म्हणायची माझी तयारी नाही. तीन ते सहा या वयात मूल खेळातूनच शिकतं, म्हणून त्याला खेळू न देणं म्हणजे शिकू न देणं. आपण फी भरून हेच विकत घेतो आहोत.

आपल्या मुलांवर किती ओझं असतं ते एकदा मोजून पाहा. उर्दू मोहल्ल्यातल्या मुलासमोर सहा-सात वर्षांचं होईपर्यंत चार गोष्टी येतात: मकतबात अरबीचा कायदा, शाळेत उर्दू, बाहेर मराठी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर इंग्रजी. पहिल्या दोन उजवीकडून डावीकडे, बाकीच्या दोन डावीकडून उजवीकडे. त्यात उर्दू मजकूर उजवीकडून वाचायचा आणि त्यातला आकडा मात्र डावीकडून. इतकी कसरत महाराष्ट्रातल्या किती मुलांच्या वाट्याला येते? आता बे, पे, ते, टे, से ही अक्षरं घ्या. होडी एकच. बेला खाली एक नुक्ता, पेला खाली तीन, तेला वर दोन, सेला वर तीन, आणि टेच्या डोक्यावर छोटीशी तोय. शब्दात शिरलं की हेच अक्षर सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं, शेवटी वेगळं. मराठीतही घ आणि ध, भ आणि म यांत फरक केवढासा!

म्हणजे लिहिण्याआधी मुलाला काय यायला हवं? वर-खाली, डावं-उजवं, एक-दोन-तीन, सारखं-वेगळं, आणि बोटांत ताकद. हे वही देत नाही. सागरगोटे देतात. गोटी वर उडवून खालच्या दोन उचलताना डोळा, बोट आणि मोजणी एकदम कामाला लागतात. कणकेचा गोळा मळताना जी बोटं तयार होतात तीच पुढे पेन्सिल धरतात. लंगडी घालताना डावा-उजवा पाय कळतो. मुलं आपसात 'च'ची भाषा बोलतात, तेव्हा शब्द फोडून आवाज वेगळे करतात. वाचनाचा पाया तोच. आणि उर्दूवाल्यांना हे मी सांगावं का? शेराच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शेर म्हणायची बैतबाजी हा खेळच आहे ना! मोठ्यांनी खेळली तर तहजीब, लेकरांनी अक्षरांशी खेळलं तर टाइमपास?

वर्गातलं एक उदाहरण देते. सुताचे रिकामे कोन आमच्याकडे कुठेही मिळतात. ते पाच वर्षांच्या मुलांपुढे टाकले आणि मी बाजूला बसले. थोड्या वेळात कारखाना सुरू झाला. एक मुलगी सेठ झाली, चौघं मजूर. रंगाप्रमाणे कोन वेगळे झाले, मोजून दहा-दहाचे ढीग लागले. मग आठवड्याचा पगार. सेठने एका मजुराचा माल उलटसुलट पाहिला आणि ठसक्यात म्हणाली, "दाग है, पैसा कटेगा." त्यावर जो वाद झाला! वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिला समजावत होता की दाग सुताचा आहे, माझा नाही, मग माझा पैसा का. पाच वर्षांचं मूल कारण देऊन युक्तिवाद करतं तेव्हा गणित, भाषा, समाज सगळं एकत्र चालू असतं. खर्च शून्य. त्या मुलाने वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही, म्हणून घरी त्याला ओरडा बसला, हेही सांगायला हवं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांत या वयाच्या मुलांना वाळू, पाणी, माती, ठोकळे मिळतात आणि घरचा अभ्यास नसतो. साहेबाचं मूल खेळत शिकतं आणि मजुराचं मूल गिरवत बसतं. वास्तविक ही पद्धत श्रीमंतांसाठी निघालीच नव्हती. मारिया माँटेसरींनी 1907मध्ये पहिलं बालघर काढलं ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. साधनं म्हणजे बिया, पानं, शिंपले, माती. आज माँटेसरी हे नाव आमच्या गल्लीतल्या बोर्डावरही आहे. आत वीस वेळा 'ए'.

सरकारची कागदं मात्र चोख आहेत. 2020च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. 2022मध्ये त्याचा आराखडा आला, त्यात खेळ मध्यभागी आहे. 2023मध्ये 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटी आली. अशा खेळण्यांचं काय होतं? मी एका शाळेत पाहिलं: कपाटात कुलूपबंद. "मुलं खराब करतात," असं कारण मिळालं. तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडतात, साहेब गेले की पुन्हा कुलूप.

आता आपल्या घरातला आक्षेप. काही बुजुर्ग म्हणतात, लह्व-ओ-लइबमध्ये मुलांचा वेळ घालवू नका. त्यांनी सीरत पुन्हा वाचावी. सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तर तो उतरेपर्यंत हुजूर (स.) यांनी सजदा लांबवला. छोट्या अबू उमैरला ते त्याच्या चिमणीवरून प्रेमाने छेडत. इमाम गझाली 'इह्या'मध्ये लिहून गेले की मकतबातून आलेल्या मुलाला खेळू द्यावं. सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं. गझालींनी खेळ हा विसावा मानला. मी एक पाऊल पुढे जाते, या वयात तोच सबक आहे.

दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा असतो. "आपा, आम्ही शिकलो नाही, पोरं मागे राहायला नकोत." ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिला भरलेली वही हाच पुरावा वाटतो. तिचा दोष नाही. तिच्या भीतीवर धंदा करणाऱ्यांचा आहे. शिवाय पहिलीच्या प्रवेशाला मुलाची परीक्षा घेणाऱ्या शाळांचाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई केली आहे, दंडही ठेवला आहे. तरी "जरा एबीसी म्हणून दाखव" चालूच. सहा वर्षांखालच्या मुलांना तर या कायद्याने हक्काच्या बाहेरच ठेवलं, तिथे कोण कोणाला विचारणार?

खेळ म्हणजे मुलांना सोडून देऊन बाईंनी मोबाइल पाहणं, असंही नाही. कोणते कोन पुढे टाकायचे, कधी एक प्रश्न विचारायचा, कधी गप्प बसायचं, कोण एकटं पडलंय, हे पाहणं 'ए' गिरवून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड. माझ्या बीएडमध्ये चार वर्षांच्या मुलाबद्दल काही नव्हतं. तो कोर्स मोठ्या मुलांसाठी. आणि नर्सरीत कोण नेमलं जातं? बारावी झालेली, लग्न ठरेपर्यंत येणारी मुलगी, रिक्षाभाड्याला पुरेल एवढ्या पगारावर. प्रशिक्षण शून्य, समोर पन्नास मुलं. ती गिरवून घेणार नाही तर काय करणार?

आपल्या तालीमी ट्रस्टांना माझी मागणी आहे. दरवर्षी जलसा होतो, मंडप, शाली, ट्रॉफ्या, बिर्याणी. एक वर्ष तो खर्च बाजूला काढा. बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेल्या दोन शिक्षिका पूर्ण पगारावर नेमा, वर्गात पंचवीसच्या वर मुलं घेऊ नका, आणि साडेपाच वर्षांपर्यंत वही बंद करा. पालक चिडतील, काही नाव काढून शेजारच्या नर्सरीत जातील. जाऊ द्या. उरलेल्यांच्या आयांना महिन्यातून एकदा वर्गात बसवा, सेठ आणि मजुराचा तो वाद त्यांना ऐकू द्या.