गॅस घरात, विमा कागदात!



उचगाव, तुरमुरी, बसुर्ते, कोनेवाडी, बेळगुंदी या आपल्या पट्ट्यात चुलीची जागा गॅसने घेतली त्याला आता बरीच वर्षे झाली. सिलिंडर आला की पुस्तक पुढे करायचे, पैसे मोजायचे आणि रिकामा सिलिंडर बाहेर काढून द्यायचा, एवढाच आपला आणि पुरवठादाराचा संबंध. पण उद्या त्याच सिलिंडरने घर पेटले तर भरपाई कोण देणार? हा प्रश्न विचारला की, "कोण देणार? आपलं नशीब!" असे उत्तर मिळते. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. आपल्या अधिकृत जोडणीमागे विमा उतरवलेला आहे. तो आपल्याला सांगितला जात नाही, हे आमचे दुखणे आहे.

१९८४ साली भोपाळमध्ये हजारो माणसे मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा घेतलाच पाहिजे आणि अपघातग्रस्ताला चूक कोणाची हे सिद्ध न करता मदत मिळाली पाहिजे, हे त्याचे तत्त्व. त्या वेळी एका जिवाची मदत ठरली होती अवघी २५ हजार रुपये! २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यात दुरुस्ती झाली.

याखेरीज इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्या स्वयंपाकाच्या गॅसच्या अपघातांसाठी वेगळा विमा उतरवतात. पेट्रोलियम मंत्रालयाने संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, औषधोपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत व एका अपघातास एकूण ३० लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या हानीपोटी २ लाखांपर्यंत अशी ही तरतूद आहे. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मग ही माहिती सिलिंडरबरोबर घरोघर का पोचत नाही?

कोणी म्हणेल, कंपनी एवढी मोठी, ती पाहून घेईल. या भ्रमात राहू नये. केरळच्या ग्राहक संरक्षण परिषदेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले की इंडियन ऑइल आणि तिचा वितरक यांचा करार दोन स्वतंत्र मालकांमधला आहे. वितरकाच्या चुकीचा बोजा कंपनीवर टाकता येत नाही. म्हणजे गळका सिलिंडर दारात ठेवून जाणाऱ्या वितरकाचा स्वतःचा दायित्व विमा चालू आहे की संपला, हा प्रश्न थेट आपल्या घराचा प्रश्न आहे. तो विचारणे हा आगाऊपणा नव्हे, हक्क आहे.

आता घरच्या कर्त्यांनाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. जमिनीच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढावीत म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षे हेलपाटे घातले जातात, गुंठ्यासाठी भाऊबंद कोर्टात जातात. पण गॅसचे पुस्तक? ते अजून कैलासवासी आजोबांच्या नावावर! वाटण्या झाल्या, धाकटा मळ्यात घर बांधून राहिला, आणि जोडणीचा पत्ता मात्र गल्लीतला जुना वाडा. मालमत्तेची भरपाई मिळते ती नोंदलेल्या पत्त्यावरील हानीची. मळ्यातले घर जळाले तर कंपनी वाड्याचा पत्ता दाखवील, आणि तेव्हा भांडायला आपल्या हाती काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट "आपल्याच माणसा"ची. गावात कोणीतरी दुकानामागे सिलिंडर साठवतो आणि अडीनडीला चार पैसे जास्त घेऊन देतो. सोय होते, खरे आहे. पण परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच गॅस साठवता येतो, १४.२ किलोचे सात भरलेले सिलिंडर झाले की मर्यादा संपली. त्याहून जास्त साठवणारा ना वितरक, ना परवानाधारक. स्फोट झाला तर त्याच्यामागे कोणता विमा उभा राहणार? शेजारच्या घरातली माणसे कोणाच्या भरवशावर झोपतात? आपला म्हणून पाठीशी घालण्याची ही बाब नव्हे.

आणि शेवटी भाषेचा मुद्दा. ज्या उचगावात मराठी साहित्य संमेलने भरतात, तिथल्या माउलीला सुरक्षेची सूचना तिला न वाचता येणाऱ्या भाषेत का मिळावी? आपले गाऱ्हाणे संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. कानडीला आमचा विरोध नाही. कानडी असावी, तिच्याबरोबर मराठीही असावी. आगीला भाषा कळत नाही, पण आग टाळण्याची सूचना भाषेतूनच कळते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१. प्रत्येक वितरकाने आपल्या विम्याची मुदत, विमा कंपनीचे नाव आणि भरपाईची रीत दुकानावर व गोदामावर मराठीतही लावावी.

२. सिलिंडर देताना मागणी केल्यास वजन करून व गळती तपासून दाखवावी.

३. सिलिंडर वाहणाऱ्या पोरांचाही विमा असावा. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व या देशात १९२३ पासून मान्य आहे.

४. वारसांची नावे व पत्ते बदलण्यासाठी गावात येऊन शिबिर घ्यावे.

घरच्यांनी करायचे ते असे. नाव-पत्ता दुरुस्त करा, पाच वर्षांनी रबरी नळी बदला, पावत्या जपून ठेवा. गळती झाल्यास १९०६ वर कळवा. अपघात झालाच तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवून पोच घ्या. पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याची बिले सांभाळा. टाळाटाळ झाली तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा ठोठवा. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

पुढचा सिलिंडर दारात येईल तेव्हा पैसे मोजण्याआधी एकच प्रश्न विचारा: "तुमचा विमा चालू आहे का?" गावागावांतून हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर उत्तर द्यावेच लागेल.