निशिगंध देशी की परका?

मराठी समीक्षेत ‘रुजणे’ हे क्रियापद फार सैलपणे वापरले जाते. अमुक वाङ्मयप्रकार येथे रुजला, तमुक रुजला नाही, असे आपण सहज लिहून जातो. रुजणे म्हणजे काय, हे मात्र मातीत क्वचितच पाहिलेले असते. देशी आणि परकीय यांचा वाद घालणाऱ्यांनी सातारा-सांगलीकडच्या परक्या फुलकंदांकडे एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते.

निशिगंध घ्या. गुलछडी म्हणा, हिंदीतली रजनीगंधा म्हणा, मूळ मेक्सिकोचे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्याची गणना घायपाताच्या कुळीत, ‘अगावे’ या प्रजातीत केली आहे. वेणीत आणि देवाच्या हारात त्याला कोणी परका म्हणत नाही. याचे श्रेय नावाला देण्याचा मोह होतो, कारण ‘निशिगंध’ हे नाव खरोखरच सुंदर आहे. परंतु कारण अधिक साधे आहे. सांगली-मिरजेकडच्या उबदार, निचऱ्याच्या रानात एकदा लावलेला कंद दोन-तीन वर्षे जमिनीतच राहतो आणि फुलत राहतो. युरोपच्या थंडीत हाच कंद हिवाळ्यापूर्वी उपटून घरात ठेवावा लागतो, नाहीतर हिमाने मरतो.

आता घाट चढून वर या. पाचगणी सुमारे तेराशे मीटर उंचीवर. 1860 नंतर जॉन चेसनने येथे परदेशी झाडे आणून लावली, आणि थंड हवेच्या ठिकाणी विलायतेतली फुले आपोआप फुलतील ही समजूत तेव्हापासून टिकून आहे. ती अर्धीच खरी. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते खरे, पण नाजूक कंदाचा तिथला खरा वैरी हिम नव्हे, पाऊस. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. निचरा नसेल तर जमिनीतला कंद कुजतो. हिमापूर्वी कंद उचला, हा तिकडच्या पुस्तकातला नियम येथे उपयोगी नाही. येथे भीतीचा ऋतूच वेगळा आहे. (आपल्या भाषेला कांदा, अरवी, डेलियाची मुळी हे सगळे ‘कंद’च, पुस्तकी वर्गीकरण बाजूला ठेवले तरी बागवानाचे अडत नाही.)

दक्षिण आफ्रिकेकडून आलेल्या ग्लॅडिओलसची गोष्ट आणखी निराळी. जुना कंद सुकतो, त्याच्याच डोक्यावर नवा धरतो. फुले संपून पाने पिवळी पडली की कंद काढायचे, सुकवायचे, शीतगृहात ठेवायचे आणि पुढच्या हंगामात पुन्हा लावायचे. फूल देखणे, मागणीही बरी. पण ते पुष्पगुच्छात राहिले, हारात आले नाही. त्याला मराठी नावही मिळाले नाही.

मात्र नाव मिळाले म्हणजे झाले, असेही नव्हे. केशवसुतांनी 1892 च्या सुमारास सॉनेट मराठीत आणले आणि त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. पुढे ‘सुनीत’ हे गोड, ध्वनीनेही जवळचे नाव रूढ झाले. रविकिरण मंडळाच्या काळात ते भरभरून फुलले. आज कोण लिहितो? आमच्या मते सुनीत हा ग्लॅडिओलस आहे: दर हंगामी कोणीतरी हौसेने लावावा लागणारा. उलट गझलेला आपण नवे नावसुद्धा दिले नाही. माधव ज्युलियनांची ‘गज्जलांजलि’ 1933 ची; तेव्हा ती कुंडीतच होती. सुरेश भटांनंतर मात्र ती तालुक्याच्या गावीही कोणाच्या जोपासनेवाचून लिहिली जाऊ लागली.

देशीवादी विचारतील, मग अस्सल देशीचे काय? कास पठारावरचा वायतुरा अस्सल आहे. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. त्याचाही कंदच. पण तो आपल्या पठारावरच्या पाणथळीपलीकडे फारसा जात नाही, आणि त्याने जावे असे कोणी म्हणतही नाही. उगमाची शुद्धता हे मूल्य मानायचे तर वायतुरा श्रेष्ठ ठरेल. मग निशिगंधाला हारातून काढावे लागेल. तसे करायला कोणी धजणार नाही. म्हणून एखादा वाङ्मयप्रकार कोठून आला, हे परीक्षेत विचारण्याऐवजी, वाईट हंगामात तो जमिनीत राहिला की कोणाच्या शीतगृहात, हे विचारावे. सुनीताच्या बाबतीत तूर्त ते शीतगृह म्हणजे आपला पदवीचा अभ्यासक्रम.