मदतीसाठी सायकल, पण आधी तयारी

थंडीची चाहूल लागली की मदतनिधीसाठीच्या सायकल फेऱ्यांची आवाहने येऊ लागतात. कधी आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी, कधी कर्करुग्णांसाठी. चाळिशी-पन्नाशीतले अनेक जण उत्साहाने नाव नोंदवतात. फेरी दीड महिन्यावर असते आणि सायकल शेवटची चालवलेली असते कॉलेजात असताना! हेतू चांगलाच असतो. पण हृदयाला हेतू कळत नाही, त्याला कळतो तो फक्त भार.

ही फेरी तलासरीहून उधव्यापर्यंत आणि परत आहे, असे समजू. नकाशावर अंतर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात चढ-उतार आहेत, दिवस वर आला की ऊन आणि दमटपणा आहे, आणि महामार्ग गाठावा लागला तर अवजड वाहनांची वर्दळ आहे. वाटेत कोणाच्या छातीत दुखू लागले तर? या पट्ट्यातील गंभीर रुग्णांना आजही डहाणू, सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते. गावाच्या आरोग्यासाठी निधी उभारायला निघालेल्या पाहुण्यानेच तिथली रुग्णवाहिका अडवून ठेवली, तर त्या मदतीला काय अर्थ उरला?

ही भीती अनाठायी नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की, आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्याने अचानक जोरकस श्रम केले, तर त्या वेळी हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता त्याच्या एरवीच्या शक्यतेच्या तुलनेत सुमारे १०७ पट होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ती जेमतेम अडीच पट होते. एकेका प्रसंगातला प्रत्यक्ष धोका लहानच असतो, म्हणून व्यायामाला घाबरायचे कारण नाही. घाबरायचे ते ‘अचानक’ या शब्दाला. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने दिलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. म्हणजे नाव नोंदवणाऱ्यांपैकी बरेच जण याच गटातले असणार.

वय मात्र आड येत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोघेही तेव्हा चाळिशीच्या आसपासचे, व्यवसायाने डॉक्टर. आदिवासींच्या नेत्रसेवेच्या उपक्रमाला त्यांनी ही शर्यत जोडली होती. त्यांच्याकडून उचलायचे ते अंतर नव्हे, तर रोजचे काम सांभाळून केलेला सराव.

त्यासाठी किमान तीन महिने हाताशी हवेत. दम काही आठवड्यांत वाढतो; स्नायूबंध आणि सांधे सावकाश घडतात. गुडघेदुखी बहुधा या तफावतीतून येते. म्हणून आठवड्याला तीन-चार दिवस, बोलता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवावी आणि दर आठवड्याला एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनीच वाढवावे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, अशी सीट लावावी. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. छातीत दडपण आले, भोवळ आली, तर तिथेच थांबावे.

दीड-दोन तासांत स्नायूंतील साखरेचा साठा उतरू लागतो. त्यासाठी महागड्या पुड्या लागत नाहीत. केळे किंवा डहाणू-घोलवडचा चिकू चालतो. मधुमेहींनी मात्र खाण्याचे आणि गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पाणी तहानेप्रमाणे थोडे थोडे प्यावे; अति पाण्यानेही रक्तातील सोडियम घसरते.

आयोजकांचीही जबाबदारी आहे. तीन महिने आधी नोंदणी, आरोग्य प्रश्नावली, पहाटेची सुरुवात, मधूनच थांबणाऱ्यांसाठी गाडी आणि स्वतःची रुग्णवाहिका या गोष्टी टी-शर्ट आणि पदकांच्या आधी याव्यात.

फेरी एका सकाळीच संपते. निधी गावाला मिळतो, तीन महिन्यांची सवय मात्र आपल्याकडे राहते. फेरीनंतरच्या सोमवारीही सायकल बाहेर निघाली, तर त्या फेरीचा लाभ दोघांना झाला असे म्हणता येईल.