न आलेल्या गाडीला भाव, न आलेल्या पिकाला बंदी



कापसाचे चुकारे झाल्यावर धर्माबादच्या मोंढ्यात चहाच्या टपरीवर आपल्याच एका कार्यकर्त्याचा पोरगा भेटला. बारावी झालेला. घरची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तिच्यात तुरीचे तास. पट्टीचे पैसे नुकतेच खात्यावर पडले होते. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, विजेवरच्या गाड्यांची एक कंपनी हाय. तिची नवी गाडी येणार म्हणतात. त्याच्या आत शेअर घेऊन ठेवले तर दुप्पट होतील का?" मी विचारले, गाडी बघितलीस का? नाही. कुणी चालवली? अजून बाहेरच आली नाही. मग भाव कशाचा चढतोय? पोरगा म्हणाला, "येणार हाय त्याचा."

येणार आहे त्याचा! भावांनो, आपला तर बापजाद्यापासून हाच धंदा. मृग येणार म्हणून धूळपेरणी करायची, बोंड फुटणार म्हणून मजुराला उचल द्यायची, सुगी येणार म्हणून सावकाराला तारीख द्यायची. पण जे येणार आहे त्याचा भाव आजच आपल्या हातात ठेवणारा माणूस आपल्या दारी कधी आला नाही. तिकडे मुंबईत मात्र अजून कारखान्यातून न निघालेल्या गाडीचा भाव सेकंदासेकंदाला लागतो. हे कसे होते ते आधी नीट समजून घेऊ. पोराला काय सांगितले ते नंतर.

आपल्याच राज्यातली गोष्ट घ्या. २०२२ च्या जुलैत मुंबईच्या महिंद्र कंपनीने जाहीर केले की विजेवरच्या मोटारींसाठी वेगळी कंपनी काढणार. कंपनी काढायची होती, काढलेली नव्हती. तरी ब्रिटिश सरकारच्या एका गुंतवणूक संस्थेने तिच्यात १,९२५ कोटी रुपये घालायचे कबूल केले, आणि त्या न जन्मलेल्या कंपनीची किंमत धरली ७०,०७० कोटी रुपयांपर्यंत. दुसऱ्या दिवशी महिंद्रचा शेअर तोवरच्या सगळ्यात वरच्या भावाला पोचला. यात मला काही गैर दिसत नाही. त्या गाड्या पुढे खरेच आल्या. चाकणच्या कारखान्यात बनल्या, १४ फेब्रुवारी २०२५ ला नोंदणी उघडली तर पहिल्याच दिवशी ३० हजारांवर लोकांनी नाव घातले. ज्यांनी उद्यावर पैसा लावला त्यांचा अंदाज बरोबर ठरला, आणि त्याच पैशावर कारखाना उभा राहिला. भांडवल असेच येते. उद्या काय होईल याचा अंदाज करून आज पैसे टाकणारा कोणी नसेल तर नवे काहीच उभे राहणार नाही.

आता दुसरी बाजू. बंगळूरच्या ओला इलेक्ट्रिक कंपनीच्या मालकाने १५ ऑगस्ट २०२२ ला सांगितले की २०२४ साली आपली विजेवरची मोटारगाडी येईल, एका चार्जिंगमध्ये ५०० किलोमीटर जाईल. २०२४ साल आले तेव्हा मोटारीचा बेत बाजूला पडला होता, कंपनी स्कूटरच विकत होती. त्या ऑगस्टमध्ये तिने लोकांकडून ६,१४५ कोटी रुपयांचा शेअरविक्रीचा डाव मांडला. शेअरचा भाव ७६ रुपये. आदल्या वर्षाचा तोटा दीड हजार कोटींच्या वर, तो कागदावर स्पष्ट छापलेला. ९ ऑगस्टला शेअर बाजारात उतरला. १५ ऑगस्टला मोठा समारंभ करून विजेवरची मोटारसायकल दाखवली. दाखवली फक्त! २० ऑगस्टला शेअर १५७ रुपयांवर. अकरा दिवसांत दुप्पट. ती मोटारसायकल लोकांच्या दारात पोचायला पुढल्या वर्षाचा मे उजाडला, आणि तोवर शेअर ७६ च्या बराच खाली घसरला होता. २०२५ च्या जुलैत तो चाळिशीच्या आसपास होता. ज्याने दीडशेला घेतला त्याच्या रुपयाचे चार आणे झाले.

यातली मेख पोराला कळायला हवी होती. गाडी येणार, गाडी येणार ही हवा असते तोवर भाव चढतो. ज्यांच्याकडे शेअर स्वस्तात आलेले असतात ते हवेवर थांबतात, आणि पडदा वर जाऊन टाळ्या वाजल्या की विकून मोकळे होतात. घेणारा असतो शेवटी आलेला, मोबाईलवाला. आपल्याला हे नवे आहे का? आफ्रिकेतून तुरीचे जहाज निघाले ही बातमी मोंढ्यात कोण सोडतो आणि ती खरी ठरेपर्यंत कुणाची तूर विकून झालेली असते, हे आपण दर जानेवारीत बघतो. फरक एवढाच की तिथे हवेने भाव चढतो आणि इथे हवेने पडतो.

अमेरिकेत याच्यापुढची मजल. टेस्लाने २०२४ मध्ये बिनास्टिअरिंगची टॅक्सी दाखवणार म्हणून आधी ऑगस्टची तारीख दिली, मग ती ऑक्टोबरवर ढकलली. १० ऑक्टोबरच्या रात्री गाडी दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ ९ टक्के पडला. वाट बघण्यात जेवढा भाव होता तेवढा बघण्यात राहिला नाही. (याच टेस्लाने १५ जुलै २०२५ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडले. गाडीची किंमत तेव्हा ६० लाखांच्या घरात होती. आपल्यापैकी कुणाला लागली तर कळवा.) निकोला नावाची ट्रकची कंपनी तर २०२० च्या जूनमध्ये, एकही ट्रक विकला नसताना, काही काळ फोर्ड कंपनीपेक्षा महाग झाली होती. तिने चित्रफितीत धावताना दाखवलेला ट्रक प्रत्यक्षात उतारावरून सोडून दिलेला होता! मालकाला न्यायालयाने २०२२ मध्ये दोषी ठरवले, २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षाने ती माफ केली. कंपनी त्याच साली दिवाळखोरीत गेली.

आता मुद्द्यावर येतो. एवढे अंदाज चुकले, फसवणूक झाली, लोक बुडाले. त्यासाठी शेअरबाजार कुणी बंद केला का?

आपल्या देशात शेअरबाजारावर सेबीची देखरेख असते. २०१५ च्या सप्टेंबरपासून शेतीमालाच्या वायदेबाजारावरही तिचीच देखरेख आहे. म्हणजे न्यायाधीश एकच. आता त्याचे दोन न्याय बघा. ओलाच्या मालकाने २०२४ च्या डिसेंबरात दुकाने चौपट करणार ही बातमी सकाळी आपल्या समाजमाध्यमावर टाकली आणि शेअरबाजाराला दुपारी कळवली. नियम याच्या उलट आहे, आधी बाजाराला सांगायचे. सेबीने काय केले? २०२५ च्या जानेवारीत इशाऱ्याचे पत्र पाठवले. शेअरच्या वायद्यात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ सामान्य माणसे तोट्यात गेली, मिळून १ लाख ८० हजार कोटी रुपये गेले, हा हिशोब सेबीनेच छापला. मग सौद्याचा आकार वाढवला, दर आठवड्याचे काही सौदे कमी केले. बाजार चालू.

आणि आपले? तुरीचा आणि उडदाचा वायदा २००७ च्या जानेवारीत बंद केला, तो पुढे उघडलाच नाही. त्यानंतर जन्मलेली पोरे आता वखर धरायला लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनने डोके वर काढले, लातूरच्या बाजारात ते दहा हजारांच्या घरात गेले. ऑगस्टमध्ये सरकारने परदेशातून १२ लाख टन सोयापेंड आणायला परवानगी दिली, तीही त्याच जनुक बदललेल्या सोयाबीनची, जे पेरायला आपल्याला बंदी. त्याच ऑगस्टमध्ये हरभऱ्याचे नवे वायदे थांबवले. डिसेंबरात सोयाबीन, हरभरा, गहू, भात, मोहरी, मूग आणि पामतेल अशा सात जिनसांचे वायदे एका फटक्यात बंद. मुदत एक वर्षाची होती. ती वाढवत वाढवत २०२५ साली मार्च २०२६ पर्यंत नेली. २०२४ च्या सुगीला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात बोली चालली होती त्याच्या खाली. भाव एकट्या बंदीने पडला असे मी म्हणणार नाही, तेलाच्या आयातीचा त्यात मोठा हात आहे. पण पेरणीच्या वेळी पुढल्या ऑक्टोबरचा भाव दिसला असता तर निदान दोन तास तुरीचे जास्त धरायचे की सोयाबीनचे, हे तरी ठरवता आले असते.

कापसाचा वायदा चालतो, तर तिथे दुसरी युक्ती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पऱ्हाटी पाते-फुलावर असताना, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. वेचणीचे नेमके तेवढेच महिने! महिंद्रच्या गाडीची नोंदणी उघडायच्या आदल्या दिवशी परदेशी मोटारींवरचे शुल्क माफ केले असते तर मुंबईत काय गहजब झाला असता, कल्पना करा. आणि हे खेळ नवे नाहीत. १९७२ पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती तेव्हा आपल्या धर्माबादच्या शिवेवरून कापसाची गाडी पलीकडे आंध्रात नेली तर ती चोरी ठरत होती. स्वतःच्या कापसाची चोरी. ज्वारीचे तर बोलायलाच नको, तिच्यावर सट्टा करण्याइतकी किंमत तिला कुणी येऊच दिली नाही.

काही शहाणे म्हणतात, वायदेबाजारात शेतकरी कुठे असतो, तिथे सटोडिये असतात. खरे आहे. गवारीच्या वायद्यात २०१२ साली काय धुमाकूळ झाला तेही आम्हाला ठाऊक आहे. पण ओलाच्या शेअरमध्ये तरी स्कूटर जोडणारे कामगार होते का? सटोडिया दोन्हीकडे सटोडियाच. गाडीवर पैसा लावला तर त्याला गुंतवणूकदार म्हणायचे आणि तुरीवर लावला तर साठेबाज, एवढा भेद आहे. आम्ही स्वतः काही धुतल्या तांदळासारखे नाही. २०२१-२२ ला कापूस दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढल्या वर्षी आम्ही घराघरांत गंजी लावून बसलो. अंगाला खाज सुटली, माजघरात झोपायला जागा उरली नाही, आणि शेवटी साडेसात हजारांच्या आगेमागे विकला. तोही सट्टाच होता. पण शेअरवाल्याला पुढल्या तीन महिन्यांचा भाव समोर दिसतो आणि नको वाटले तर दुपारी विकता येते. आम्ही आंधळेपणाने खेळलो, कारण आमच्या माजघरापर्यंत पुढला भाव पोचलाच नव्हता.

त्या पोराला मी म्हणालो, बियाण्याचे आणि आडत्याचे पैसे आधी बाजूला काढ. उरलेल्यात जे गेले तरी घरी सांगता येईल तेवढेच लाव, आणि उसने घेऊन तर अजिबात नको. त्याने मान हलवली. मग म्हटले, आता त्याच मोबाईलवर मला पुढल्या जानेवारीच्या तुरीचा भाव काढून दाखव. पोराने चहा थंड होईपर्यंत बोट फिरवले. गाडीच्या शेअरचा आकडा तेवढ्यात चार वेळा बदलला. तुरीपुढे कालच्या मोंढ्याचा भाव होता.

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. तुरीचा वायदा सुरू करा. कोणताही शेतीमालाचा वायदा भाव चढला एवढ्या कारणाने बंद करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवू नका. लबाडी झाली तर लबाडाला धरा, जसे शेअरबाजारात धरता. आणि पेरणी झाल्यापासून सुगी संपेपर्यंत त्या पिकाचे आयातशुल्क बदलू नका. धर्माबाद, बिलोली, उमरी, नायगाव या तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी येताना २०२१ पासूनच्या कापूस, तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्या बरोबर आणाव्यात. कोणत्या आठवड्यात काय भावाने विकले आणि त्या आठवड्यात दिल्लीहून कोणता हुकूम सुटला, हे तारीखवार समोरासमोर मांडायचे आहे. पट्टी हरवली असेल तर आडत्याच्या वहीवरून नक्कल मागा. तो नाही म्हणाला तर दोघेतिघे मिळून जा.