श्रेष्ठ भाषा कोणती? मोडीपासून पायथॉनपर्यंतचा एक जुना वाद

१/ इतिहासमित्रहो, सिंदखेडराजा, मेहकर, लोणार ही नावे उच्चारली की डोळ्यांपुढे वाडे, मंदिरे आणि मोडी दप्तरे उभी राहतात. पण याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगावला, १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आज घाटावरची आणि घाटाखालची मुले एकच प्रश्न विचारतात : सी शिकावी, जावा की पायथॉन? या प्रश्नालाही इतिहास आहे.

२/ १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएमसाठी फोरट्रान सिद्ध केली. त्या काळचे कसलेले प्रोग्रामर थेट यंत्राच्या संकेतांत लिहीत. यंत्राने केलेले भाषांतर आपल्या हातच्या कामाची बरोबरी करील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. फोरट्रानने तो संशय खोटा ठरवला. पुढे १९७७ च्या ट्यूरिंग व्याख्यानात खुद्द बॅकस यांनीच या धाटणीच्या भाषांवर कठोर टीका केली.

३/ १९५९ मध्ये कोबोलचे काम सुरू झाले. ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. कार्यालयातील माणसालाही वाचता यावी, म्हणून ती इंग्रजी वाक्यांसारखी घडवली गेली. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. लीळाचरित्रात लोणार-मेहकरचे उल्लेख येतात. त्या महानुभावांनी संस्कृतऐवजी मराठी निवडली, तीही ऐकणाऱ्याकडे पाहूनच.

४/ विद्वानांना मात्र कोबोल रुचली नाही. एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६८ मध्ये ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध गाजलेले पत्र लिहिले आणि १९७५ मध्ये कोबोल बुद्धीला पंगू करते, अशा आशयाचा शेरा मारला. तरीही बँकांचे हिशेब कोबोलवर चालतच राहिले. पंडितांचा निर्णय आणि व्यवहाराचा निर्णय वेगळे पडले.

५/ ‘एकदाच काय तो निकाल लावू’ असाही एक प्रयत्न झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात साडेचारशेहून अधिक भाषा वापरात असल्याचे १९७० च्या दशकात आढळले. म्हणून सर्वांसाठी एकच भाषा, एडा, घडवली गेली. १९८३ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. भाषा चांगली होती, विमानांच्या प्रणालींत ती आजही टिकून आहे. पण तिची सक्ती १९९७ मध्ये मागे घ्यावी लागली. हुकुमाने भाषा रुजत नाही.

६/ मग भाषा रुजते कशाने? महाराष्ट्राकडे पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० आला आणि वैज्ञानिकांच्या हाती फोरट्रान आली. पुढे विदर्भातल्या असंख्य मुलांना सी भेटली, ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मधून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. यंत्र, पुस्तक आणि शिकवणारा जिथे जुळले, तिथे भाषा वाढली.

७/ मोडीचा दाखला घ्या. लेखणी फारशी न उचलता झरझर लिहिता यावे, हे तिचे बळ. त्याची किंमत म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ पुसला गेला. वाचणाऱ्याने संदर्भावरून अर्थ लावायचा. दप्तरात मोडी, पोथीत बाळबोध अशी वाटणी शतकानुशतके चालली. छापखाना आला आणि पारडे बाळबोधीकडे झुकले. तेवढ्याने मोडी हीन ठरली का?

८/ तरीही ‘सगळ्या भाषा सारख्याच’ हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. सी वेग देते. पण स्मृतीची हद्द ओलांडली जात असताना ती स्वतःहून अडवत नाही. १९८८ मध्ये मॉरिसचा किडा हजारो संगणकांत शिरला, त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. फरक खरे असतात आणि त्यांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

९/ म्हणून माझे मत असे : ‘श्रेष्ठ कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, कोणाच्या वाचनासाठी आणि कोणता दोष पत्करून, हे तीन प्रश्न जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

१०/ हा वाद केवळ करमणुकीचा नाही. चिखली-खामगावचा एखादा मुलगा ‘तुझी भाषा आता कालबाह्य’ हे ऐकून खचतो, घरच्यांनी कष्टाने जमवलेले शुल्क भरून नवा वर्ग लावतो आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच ऐकतो. त्याला हा इतिहास सांगा. मोडी जाणणाऱ्याला बाळबोध परकी नव्हती, कारण खाली मराठी एकच होती. विचार नेटका मांडण्याची शिस्त ही आपली मराठी. बाकी साऱ्या लिप्या. एक लिपी नीट गिरवा, दुसरी सोपी जाईल.