शिवता येईल अशी बॅग

रोजच्या कामासाठी चामड्याची बॅग कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. तुमच्या गावात जी दुरुस्त होईल ती! विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं, त्यामुळे त्याचा जरा हिरमोड होतो. पण खरं सांगू का, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बॅगेच्या नशिबी काय काय येतं हे त्या कंपनीवाल्याला ठाऊकच नसतं.

जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. म्हणजे बॅग आधी मोटारसायकलच्या टाकीवर, मग एसटीत दोन सिटांच्या मधे कुणाच्या तरी धान्याच्या पोत्याला टेकून, आणि शेवटी प्लॅटफॉर्मवर. बुलढाणा डोंगरावर असल्यामुळे जरा थंड, पण खाली मलकापूर-खामगावला मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. पुढे दोन महिन्यांत तीच बॅग पावसात भिजते आणि दमट कोपऱ्यात तिला बुरशी धरते. आत वकिलाचे केसपेपर असोत, विमा एजंटाचे फॉर्म असोत की बँकेतल्या साहेबाचा लॅपटॉप. डबा आणि पाण्याची बाटली सगळ्यांकडे असतेच. हे सगळं वजन पेलतात हँडलचे दोन टाके. बॅग फाटते ती बहुतेक वेळा तिथेच.

आता चामड्याबद्दल. खामगावला चांदी घ्यायला जाणारा माणूस टंच विचारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. तोच माणूस बॅग घेताना नुसता वास घेतो आणि 'ओरिजिनल आहे' म्हणून मान डोलावतो. जनावराच्या कातड्याचा अगदी वरचा थर सगळ्यात घट्ट विणीचा असतो. तो न घासता तसाच ठेवला तर त्याला 'फुल ग्रेन' म्हणतात. त्याच्यावर बारीक खुणा, एखादा ओरखडा, कमीजास्त पोत दिसतो, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक नेमकं तेच बघून नाक मुरडतं. खालचा थर सैल असतो. त्याच्यावर प्लास्टिकचा लेप देऊन वरचे दाणे छापतात. तोही चामडंच असल्यामुळे 'जेन्युइन लेदर' हा शिक्का त्याच्यावरही बसतो. आणि 'बाँडेड' म्हणजे चामड्याचा चुरा डिंकासारख्या पदार्थात कालवून कापडावर थापलेला. आमच्याकडच्या उन्हात त्याचे पापुद्रे सुटायला लागले की काही करता येत नाही. चुऱ्याला टाका घालणार कुठे?

दुकानदार लायटर पेटवून दाखवतात, त्याला भुलू नका. जाड चामडं सहजी पेटत नाहीच, पण लेप दिलेल्या निकृष्ट चामड्याचंही तसंच. त्यापेक्षा कड बघा. फ्लॅपची किंवा पट्ट्याची कापलेली बाजू नखाने जरा चाळवली की आतले तंतू दिसले पाहिजेत. कड दुमडून, रंग फासून पूर्ण झाकलेली असेल तर मी दोनदा विचार करतो. आणि एक, बॅग रिकामी असताना उचलून बघा. जाड चामड्याची ब्रीफकेस रिकामीच दीड-दोन किलो भरते. खांद्याला हे आधीच विचारलेलं बरं.

गायीचं की म्हशीचं, हाही प्रश्न असतो. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गायीची कत्तल बंद होतीच. १९९५च्या दुरुस्तीला मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. म्हैस त्यात नाही. एरवीही आपल्याकडे मिळणाऱ्या बॅगांचं चामडं बरंचसं कानपूर, कोलकाता नाहीतर तमिळनाडूत कमावलेलं असतं, आणि धारावीत शिवल्या जाणाऱ्या बॅगांनाही बाहेरून आलेलं चामडं लागतंच. म्हशीचं चामडं जाड, दाणा जरा भरड. दिसायला डावं, पण कामाच्या बॅगेला मला तेच आवडतं.

रोज वापरायचं चामडं म्हणजे काय हे खरं तर आपल्या आजोबा-पणजोबांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर मोट चालायची. चामड्याची मोट दिवसभर पाण्यात, दगडावर घासत, बैलांच्या ओढीवर वरखाली व्हायची. कुठल्या ब्रीफकेसच्या वाट्याला एवढे हाल येतात? तरी ती चालायची, कारण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं जाड असायचं, आणि शिवण उसवली तर शिवणारा गावातच असायचा. त्याला सुगीला बलुतं मिळायचं. मोटेचा टिकाऊपणा अर्धा कातड्यात होता आणि अर्धा त्या माणसाच्या हातात. तो माणूस मात्र गावाच्या कडेला राहायचा, आणि ज्या मोटेला त्याने टाके घातले तिच्याच विहिरीवर पाणी शेंदायची त्याला मुभा नसायची. मोटेच्या आठवणीने गहिवरणारे लेख मी बरेच वाचले, त्यांत ही ओळ क्वचितच सापडली.

म्हणूनच 'आता कारागीर उरले नाहीत हो' ही हळहळ मला फारशी पटत नाही. गटई कामगाराचा मुलगा बी.एड. करून शिक्षक झाला, कुणी तलाठी झाला, तर त्यात वाईट काय झालं? १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडा म्हणून सांगितलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं काम सोडणाऱ्याला आपण आपल्या बॅगेसाठी थांब म्हणणार का? प्रश्न राहतो तो जे आज हे काम करताहेत त्यांचा. बसस्टँडजवळ, कोर्टाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसलेले ते तुम्हीही बघितले असतील. हे पत्र्याचे स्टॉल देण्याची सरकारी योजना आहे. चर्मोद्योगासाठी १९७४पासून महामंडळही आहे, संत रोहिदासांच्या नावाचं. पण स्टॉलवर येणारं गिऱ्हाईक सरकार कुठून देणार? ते आपणच.

आणि आपण काय करतो? पाच हजारांची बॅग ऑनलाइन मागवतो, किंमत एका शब्दाने कमी करा म्हणत नाही. हँडल सुटलं की स्टॉलवर जाऊन ऐंशी रुपयांचे साठ करा म्हणून उभ्याउभ्या वाद घालतो. साध्या मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की शेजारचेही हळूहळू सैल होतात. तो आरीने भोक पाडून, मेण लावलेला जाड दोरा दोन्ही बाजूंनी ओढून घेतो आणि प्रत्येक टाका आवळतो. पुष्कळदा त्याने शिवलेला भाग कंपनीच्या शिलाईपेक्षा जास्त टिकतो. ते काम वीस मिनिटांचं असतं आणि ते यायला वीस वर्षं गेलेली असतात. ऐंशीला मी तरी स्वस्तच म्हणेन.

तर बॅग निवडताना मी हे बघतो की ही बॅग त्याच्या हातात दिली तर त्याला काही करता येईल का. हँडल चामड्याचं आणि आरपार शिवलेलं हवं. फक्त रिव्हेट ठोकून किंवा चिकटवून बसवलेलं नको. बक्कल पितळी आणि साधं. चेन ठसठशीत, म्हणजे तिचा रनर बाजारात मिळतो. नंबरचं कुलूप बिघडलं की त्याला कुणीच हात लावत नाही, म्हणून ते नकोच. आतलं अस्तर सुटं शिवलेलं असलं तर गावातला कुठलाही टेलर बदलून देतो. शक्य असेल तर बॅग घेण्याआधी तिचा फोटो स्टॉलवर दाखवा. 'साहेब, हे चिकटवलेलं आहे, याला टाका धरणार नाही,' हे पाच हजार जाण्याआधी कळलेलं चांगलं. आणि विचारलंच आहे तर चपलेला पॉलिश करून घ्या, त्याचाही वेळ फुकट नसतो.

निगेचं फार नाही. भिजली तर सावलीत वाळवायची, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. आपल्याकडे खोबरेल चोपडायची फार हौस. त्याने चामडं लुळं पडतं आणि सगळी धूळ त्याच्यावर बसते. दोन-तीन महिन्यांनी मेणाचं पॉलिश पुरे. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत रद्दीचे बोळे घालून जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा. टाका जरा सैल दिसला की त्याच आठवड्यात स्टॉलवर न्या. हँडल हातात येईपर्यंत थांबलात तर तोवर भोकं फाटून मोठी झालेली असतात आणि मग तिथे आधी चामड्याचा जोड लावावा लागतो.